काळजी करणे आणि काळजी घेणे

मराठी भाषेत ‘काळजी’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या क्रियापदांशी जोडला जातो आणि क्रियापद बदलताच त्याचा अर्थ पालटतो. आई मुलाची काळजी घेते तेव्हा ती काहीतरी करीत असते : अंगावर पांघरूण घालते, औषधाची वेळ सांभाळते, दाराची कडी लावते. तीच आई मुलाची काळजी करते तेव्हा बहुधा ती काहीच करीत नसते. ती एका जागी बसलेली असते आणि तिचे मन मात्र धावत असते. काळजी घेतल्याने मुलाचे हित होते. काळजी केल्याने मुलाचे हित होत नाही, आईचा जीव तेवढा शिणतो. तथापि रोजच्या व्यवहारात या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ झालेली असते की, जो अधिक काळजी करतो तोच अधिक जबाबदार, असा समज सर्वत्र रूढ झाला आहे.

प्राथमिक शिक्षकाच्या बाबतीत हा समज विशेष घातक ठरतो. त्याच्या स्वाधीन दुसऱ्यांची मुले असतात. त्यांचे शिक्षण, त्यांचे दुपारचे अन्न, त्यांची सुरक्षितता आणि या सर्वांच्या नोंदी ही त्याची जबाबदारी असते. साहजिकच काळजी करण्याची सवय त्याच्या मनात कर्तव्याचा वेष घेऊन शिरते आणि म्हणूनच ती ओळखू येत नाही. ही सवय कशी जडते व ती कशी मोडता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका रात्रीचे उदाहरण

एखाद्या द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींचे उदाहरण घ्यावे. असे गुरुजी एकाच गावात नव्हे, अनेक गावांत आढळतील. शाळेत ओढ्यापलीकडील वस्तीवरून सात मुले येतात. आषाढातील एका रात्री पत्र्यावर पावसाची सर वाजू लागते आणि गुरुजींना जाग येते. ‘ओढ्याला पाणी चढले तर?’ हा पहिला विचार. तो रास्तच आहे. पण मन तेथे थांबत नाही. ‘मुले तशीच निघाली तर? एखाद्याचा पाय घसरला तर? गाव शाळेला दोष देईल. चौकशी लागेल. निलंबन झाले तर कर्जाचे हप्ते कोठून भरावयाचे? मुलीचे पुढील शिक्षण कसे होणार?’ दीड वाजता ओढ्यापाशी सुरू झालेली ही साखळी साडेतीनच्या सुमारास मुलीच्या लग्नापर्यंत जाऊन पोहोचते. सकाळी गुरुजी जड डोक्याने शाळेत येतात आणि सातचा पाढा चुकलेल्या मुलावर विनाकारण खेकसतात. तो मुलगा त्यानंतर दिवसभर तोंड उघडीत नाही.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोन तास ओढ्याचा विचार होऊनही ओढ्याविषयी एकही काम झालेले नाही. वस्तीवरील एखाद्या पालकाला सकाळी फोन करून पाण्याची स्थिती विचारावी, एवढे साधे पाऊलही त्या दोन तासांत सुचले नाही. मुले नेहमीप्रमाणे ओढा ओलांडूनच आली. म्हणजे गुरुजींनी काळजी पुष्कळ केली. परंतु ती घेतली मात्र नाही.

सवय कशी जडते

भय ही निसर्गाची देणगी आहे. पायाशी साप दिसताच हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, श्वास जलद होतो आणि मनुष्य उडी मारून दूर होतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी या शारीरिक सज्जतेचा सविस्तर अभ्यास केला. साप निघून गेला की ही सज्जता ओसरते. पण चिंतेचा साप दिसत नाही, म्हणून तो निघूनही जात नाही. तो ‘तर?’ या एका शब्दात दडून बसलेला असतो. प्रत्येक ‘तर?’ला उत्तर शोधावे तो त्यातून दुसरा ‘तर?’ निघतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक यांनी या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, चिंता ही मनात बहुतांशी चित्रांच्या रूपाने नव्हे, तर शब्दांच्या रूपाने चालते. मनुष्य भयंकर प्रसंग डोळ्यांपुढे स्पष्टपणे आणीत नाही; तो त्याविषयी स्वतःशी बोलत राहतो. या बोलण्यामुळे भीतीची धार क्षणभर बोथट होते आणि काहीतरी केल्यासारखे वाटते. हाच सवयीचा पहिला आधार होय.

दुसरा आधार असा की, ज्या गोष्टींची चिंता केली जाते त्यांपैकी बहुतेक घडतच नाहीत. आणि न घडल्याचे श्रेय मन चिंतेला देऊन टाकते. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या मनुष्याचा प्रवास सुखरूप झाला की त्याला ते लिंबाचे सामर्थ्य वाटते. ती न बांधता सुखरूप गेलेल्या गाड्या तो मोजीत नाही. चिंतेचेही तसेच आहे. 2020 साली त्याच विद्यापीठातील संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अतिचिंतेच्या विकाराने ग्रस्त असलेल्या 29 व्यक्तींना त्यांनी दहा दिवस आपल्या चिंता लिहून ठेवावयास सांगितल्या आणि त्यांपैकी कोणत्या खऱ्या ठरतात, हे महिनाभर पडताळून पाहिले. सरासरीने 100 पैकी सुमारे 91 चिंता खऱ्या ठरल्या नाहीत. अभ्यास लहान आहे हे खरे. परंतु लिहून ठेवल्यावाचून हा हिशेब कोणाच्याही ध्यानात येत नाही, हे त्यावरून कळते.

‘विचार करू नकोस’ या उपदेशाचा दोष

चिंता करणाऱ्या मनुष्याला आप्तेष्ट सांगतात, “उगीच विचार करू नका, गुरुजी.” हा उपदेश प्रेमाचा असतो, पण तो उपयोगी पडत नाही. 1987 साली डॅनियल वेग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले आणि तो विचार मनात आल्यास घंटी वाजविण्याची सूचना दिली. घंट्या पुन्हा पुन्हा वाजल्या. शिवाय मागाहून अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिली, तेव्हा आधी तो दडपणाऱ्यांच्या मनात तो अधिकच आला.

शिक्षकाला हे निराळे सांगावयास नको. वर्गात एखाद्या मुलाला हसू फुटले असता “हसायचे नाही” असे दरडावले, की सारा वर्ग तोंडावर हात धरून हसू लागतो. तसेच, पेन्सिल चुकीच्या रीतीने धरणाऱ्या मुलाला “अशी धरू नकोस” असे शंभर वेळा सांगून त्याचे अक्षर सुधारत नाही. त्याची बोटे धरून पेन्सिल कशी धरावयाची हे दाखवावे लागते आणि रोज थोडा वेळ ते गिरवून घ्यावे लागते. जुनी सवय हुकुमाने जात नाही. तिच्या जागी नवी सवय बसवावी लागते. मनाच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे.

काळजीचा तास

बोर्कोव्हेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. चिंता थांबवावयाची नाही. तिला ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा द्यावयाची. दिवसातून अर्धा तास एकाच वेळी, एकाच ठिकाणी बसून चिंता करावयाची आणि इतर वेळी आलेली चिंता त्या अर्ध्या तासावर ढकलावयाची. ज्यांनी चार आठवडे ही पद्धत पाळली, त्यांची दिवसभरातील चिंता ती न पाळणाऱ्यांच्या मानाने अधिक कमी झाली.

ही पद्धत शिक्षकाला परकी वाटण्याचे कारण नाही. गणिताच्या तासाला एखादा मुलगा चित्र काढू लागला तर शिक्षक चित्रकलेला वाईट म्हणत नाही. “आता गणित चालू आहे, चित्र कार्यानुभवाच्या तासाला,” असे सांगतो. चिंतेलाही असाच वेळापत्रकात तास द्यावयाचा. तो कसा द्यावा, याविषयी काही सूचना उपयुक्त ठरतील.

पहिली सूचना वेळेविषयी. हा तास संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी ठेवावा. निजण्याच्या वेळी तो कदापि ठेवू नये. आणि तो अंथरुणावर तर मुळीच नसावा. अंथरूण आणि चिंता यांची गाठ एकदा पडली की पाठ टेकताच चिंता आपोआप सुरू होते. ओसरीवरील एखादी खुर्ची अथवा शाळा सुटल्यावरचा रिकामा वर्ग या कामास पुरेसा आहे.

दुसरी सूचना वहीविषयी. शंभर पानी वही घेऊन तीत चार रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात तारीख व चिंता एका वाक्यात लिहावी. दुसऱ्यात, याविषयी आपल्या हाती काय आहे, ते लिहावे. तिसऱ्यात पुढील एकच पाऊल आणि ते उचलण्याचा दिवस लिहावा. चौथा रकाना कोरा ठेवावा; प्रत्यक्षात काय घडले, ते त्यात मागाहून लिहावयाचे आहे.

तिसरी सूचना मधल्या वेळेविषयी. दिवसा शिकविताना चिंता आली, तर तिच्याशी वाद घालू नये. ‘ही चिंता आली आहे’ अशी मनात नोंद करावी, हवे तर चिठ्ठीवर एक शब्द लिहावा आणि ‘साडेपाचला’ असे स्वतःस सांगून हातातील कामाकडे वळावे. आरंभी दिवसातून वीस वेळाही असे करावे लागेल. वीस वेळा वळणे म्हणजे वीस वेळा अपयश नव्हे. तो वीस वेळा झालेला सराव होय. जी गोष्ट मात्र त्याच क्षणी करण्यासारखी असेल, ती तेव्हाच करावी. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला असता साडेपाचची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

चौथी सूचना तासाच्या शेवटाविषयी. अर्धा तास संपला की वही मिटावी आणि उठावे. पाणी भरणे, गुरांना वैरण घालणे, मुलांचा अभ्यास घेणे, असे हातांना गुंतविणारे काम लगेच सुरू करावे. पुष्कळांना असाही अनुभव येतो की, दुपारी डोंगराएवढी वाटलेली चिंता संध्याकाळी लिहावयास घेतली असता एका ओळीतच संपते. अर्धा तास पुरा भरत नाही. तो ओढूनताणून भरण्याची आवश्यकता नाही.

वहीतील तीन नोंदी

वर सांगितलेल्या गुरुजींनी अशी वही घातली, तर तीत काय उमटेल हे पाहणे बोधप्रद होईल.

पहिली नोंद ओढ्याची. हाती काय आहे? पाऊस हाती नाही, ओढा हाती नाही. परंतु वस्तीवरील पालकांशी बोलणे हाती आहे. पाऊल : शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना सोबत घेऊन वस्तीवर जाणे. त्या भेटीत असे ठरू शकते की, पावसाच्या दिवसांत दोन मोठी माणसे पाळीने मुलांना ओढा पार करून देतील. पाणी दगडी खुणेच्या वर गेले तर मुले निघणारच नाहीत. आणि तसा निरोप सकाळी फोनवर येईल. रात्रीच्या दोन तासांत जे झाले नाही, ते शनिवारच्या एका तासात होते. येथे काळजी करण्याचे रूपांतर काळजी घेण्यात झाले.

दुसरी नोंद पोषण आहाराची. ‘खिचडीतून मुलांना बाधा झाली तर?’ हाती काय आहे? धान्य व डाळ पाखडून-निवडून घेणे, भांडी व पाणी स्वच्छ असल्याचे पाहणे, मुलांच्या आधी स्वतः चव घेणे आणि तशी चव नोंदवहीत नोंद करणे. हे सर्व एकदा नीट करावे. ते केल्यावर पुन्हा पुन्हा पातेल्यापाशी जाणे, स्वयंपाक करणाऱ्या ताईंना तोच प्रश्न पाच वेळा विचारणे, सायंकाळी घरोघर फोन करून “पोरगा बरा आहे ना?” असे विचारणे, यांनी सुरक्षितता वाढत नाही. प्रत्येक जादा तपासणीने मनाला घटकाभर बरे वाटते आणि पुढच्या वेळी मन आणखी एक तपासणी मागते. कुलूप एकदा ओढून पाहणे ही खबरदारी. अर्ध्या वाटेवरून तिसऱ्यांदा परत येणे ही सवय. कोणतेही काम किती वेळा तपासावयाचे, हे आधीच ठरवावे आणि तेवढ्यावरच थांबावे. थांबल्यावर थोडी हुरहूर वाटेल. ती सोसावी, सोसल्याने ती हळूहळू ओसरते, हेच शिकावयाचे आहे.

तिसरी नोंद अधिक कठीण आहे. चौथीतील एक हुशार मुलगी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणार आहे. पाच-सहा महिने ती फडावर राहील, लहान भावाला सांभाळील, आणि वाचन सुटले तर शाळाही सुटेल. ही चिंता खोटी नाही, भ्रामकही नाही. हाती काय आहे? गावात हंगामी वसतिगृहाची सोय होत असेल तर तिचे नाव त्यात घालणे. आजी घरी राहणार असेल तर पालकांचे मन वळविणे. जाणे अटळ असेल तर शिक्षण हमी कार्ड देऊन जेथे टोळी जाईल तेथील शाळेशी बोलणे, सोबत पुस्तके देणे आणि आठवड्यातून एकदा फोनवर तिच्याकडून एक पान वाचून घेणे. एवढे केल्यावरही ती परत येईलच अशी शाश्वती नाही. हा उरलेला भाग वहीतील कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आपल्या स्वाधीन काय आहे आणि काय नाही, हे निवडणे हाच शहाणपणाचा आरंभ, असे एपिक्टीटस या तत्त्ववेत्त्याने सुमारे 1900 वर्षांपूर्वी शिकविले. तो जन्माने गुलाम होता. त्यामुळे त्याचे हे शिकवणे सुखवस्तू मनुष्याचे बोलणे नव्हते. परंतु जे स्वाधीन नाही त्याविषयी मनाला काहीच वाटू नये, असा अर्थ शिक्षकाने घेण्याचे कारण नाही. त्या मुलीविषयी वाईट वाटणे ही चिंतेची सवय नव्हे. ती माया होय. ‘आपण रात्रभर जागलो नाही तर आपण तिला विसरलो’ असे वाटणे ही मात्र सवय होय. तिच्यासाठी करावयाचे ते करून शांत झोपणारा शिक्षकच सकाळी तिच्या फोनवरील वाचनाकडे पुरते लक्ष देऊ शकतो.

शरीराकडे लक्ष

चिंतेने शरीर आवळले जाते आणि आवळलेले शरीर पुन्हा चिंता जागवते. एडमंड जेकबसन या वैद्याने स्नायू सैल करण्याची पद्धत 1929 साली ग्रंथरूपाने मांडली. तिचे सोपे रूप असे : मूठ पाच-सात क्षण घट्ट आवळावी आणि मग एकदम सैल सोडून तो फरक लक्षपूर्वक अनुभवावा. याच क्रमाने दंड, खांदे, कपाळ, पोट व पाय आवळून सोडावेत. रात्री जाग आली आणि बराच वेळ झोप लागली नाही, तर अंथरुणात तळमळत पडू नये. उठून मंद उजेडात काहीतरी साधे वाचावे, चिंता आलीच तर एका शब्दात टिपून उद्याच्या तासावर टाकावी आणि डोळे जड झाल्यावर परत निजावे. मोबाइल मात्र हाती घेऊ नये; शिक्षकांच्या गटावर रात्री आलेल्या एका सूचनेतून पहाटेपर्यंत पुरेल एवढी चिंता निघते.

मुलांवर होणारा परिणाम

मुले पाठ्यपुस्तकाच्या आधी शिक्षकाचा चेहरा वाचतात. धास्तावलेला शिक्षक नकळत धास्तीच शिकवितो. “असा अभ्यास केलास तर पुढे तुझे काय होणार?” हे वाक्य मुलाला अभ्यासाकडे नेत नाही, ते त्याच्या हाती चिंतेची पहिली कडी देते. त्याऐवजी पुढील पाऊल दाखवावे. “पाढा चुकला तर काय होईल?” या मुलाच्या भीतीला “चुकलास तर जेथे चुकलास तेथून पुन्हा म्हणावयाचा” हे उत्तर आहे. मोठ्या मनुष्याच्या वहीतील तिसरा रकाना तो हाच.

मदत केव्हा घ्यावी

काही वेळा ही सवय विकाराच्या पायरीवर जाते. बहुतेक दिवस अनेक गोष्टींची अनावर चिंता वाटणे, असे सहा महिने चालणे, त्याबरोबर झोपमोड, थकवा, चिडचीड, अंग आखडणे, कामात लक्ष न लागणे, अशी लक्षणे असल्यास वहीवर विसंबून न राहता वैद्याचा सल्ला घ्यावा. या विकारावर बोलण्याचे व औषधांचे असे दोन्ही प्रकारचे उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. केंद्र शासनाने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येऊ लागले तर काळजीच्या तासाची वाट पाहू नये. त्याच दिवशी घरच्यांना अथवा सहकाऱ्याला सांगावे आणि मदत मागावी. ज्वर आलेला शिक्षक रजा घेऊन दवाखान्यात जातो, त्यात जितका कमीपणा आहे तितकाच यात आहे. म्हणजे मुळीच नाही.

महिनाअखेरची बेरीज

महिना संपला की वहीतील चौथा रकाना भरावा. कोणती चिंता खरी ठरली, कोणती ठरली नाही, हे हजेरीपटाच्या बेरजेप्रमाणे मोजावे. जी खरी ठरली तिच्यापुढे, तो प्रसंग आपण कसा निभावला, तेही लिहावे. कारण चिंताग्रस्त मन संकट वाढवून सांगते आणि आपली उमेद कमी करून सांगते. पहिल्या महिन्यात फार फरक दिसणार नाही. वर्षानुवर्षांची सवय चार आठवड्यांत समूळ जाईल, अशी अपेक्षाही करू नये. पुढील आषाढातही पत्र्यावर सर वाजेल तेव्हा गुरुजींना जाग येईलच. ‘ओढ्याला पाणी चढले तर?’ हा प्रश्नही येईल. परंतु या खेपेस त्याचे उत्तर दिलेले असेल : पाणी खुणेवर गेले तर सकाळी फोन येईल आणि मुले निघणार नाहीत. त्यापुढचा ‘तर?’ साडेपाचच्या तासाचा. गुरुजी कूस बदलतील. कदाचित लगेच, कदाचित थोड्या वेळाने, त्यांना झोप लागेल. आणि सकाळी सातच्या पाढ्यात अडखळलेला मुलगा जेथे अडखळला तेथून पुन्हा म्हणू लागेल.